होडीचं गाणं आणि नव्वदची कॅसेट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



अलिबागेत माझं रेडिओ दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. १९८५ च्या सुमाराला दुरुस्तीपेक्षा दुसरंच एक काम वाढलं. दाराशी पुठ्ठ्याची पाटी टांगली होती, ‘कॅसेट भरून मिळेल’. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी लिहून आणायचं, साठची किंवा नव्वदची कोरी कॅसेट पसंत करायचं आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन जायचं. हे काम कायद्यात बसणारं नव्हतं, हे आज मोकळेपणानं सांगून टाकतो. तेव्हा गावोगाव चालायचं, आणि मीही केलं.

या धंद्यात एक अडचण रोजची. यादीतली गाणी संपायची आणि बाजूच्या शेवटी तीन-चार मिनिटं उरायची. पट्टी कोरी सोडली तर गिऱ्हाईक म्हणणार, पैसे पुरे घेतलेत आणि कॅसेट अर्धी दिलीत. मग आम्ही तिथं काहीतरी टाकायचो. कधी सनईची धून, कधी कोणी न मागितलेलं भावगीत. आमचा पोऱ्या त्याला ‘भरताड’ म्हणायचा. जागा उरली म्हणून घातलेलं ते भरताड, अशी त्याची सरळ व्याख्या होती. मला ती अजूनही पटते.

आज बोलायचं आहे ते या भरताडाबद्दल. एखादी मोठी, लांबलचक संगीतरचना असते. तिची लांबी तिला हवी असते म्हणून असते, की कुणीतरी जागा उरली म्हणून भरलेली असते?

थळला खताचा कारखाना आला आणि अलिबागेत परप्रांतांतली, शिकलेली तरुण मंडळी राहायला आली. त्यांतला एक इंजिनिअर इंग्रजी गाण्यांचा शौकीन. एके दिवशी तो बीटल्सचा दोन कॅसेटचा संच घेऊन आला. १९६८ साली निघालेला, पांढऱ्या कोऱ्या वेष्टनाचा. मुळात दोन मोठ्या तबकड्यांचा, म्हणजे ज्याला ‘डबल अल्बम’ म्हणतात तसा. गाणी तीस. तो म्हणाला, “यातली चांगली तेवढी एका साठच्या कॅसेटवर भरून द्या.” मी विचारलं, “बाकीची वाईट आहेत का?” तर म्हणाला, “वाईट नाहीत, पण लागत नाहीत.” पुढं माझ्या वाचनात आलं की त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिन यालाही तसंच वाटत होतं. दोनाऐवजी एकच, पण उत्तम तबकडी काढावी, असं त्याचं मत होतं. त्या संचात एक आठ मिनिटांहून मोठा तुकडा आहे, त्यात गाणं नाहीच, नुसते आवाज आहेत. तो भरून होईपर्यंत पोऱ्यानं मला दोनदा विचारलं, मशीन बिघडलं का?

लांबीचं हे दुखणं आपल्याकडं काही नवीन नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं, तेव्हा त्यात दोनशेच्या आसपास पदं होती. पुढं नाटकवाल्यांनीच पदांना कात्री लावली. त्यानंतर ग्रामोफोनची तबकडी आली, आणि तिच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तासभर राग मांडणाऱ्या गवयाला तेवढ्यात आटपावं लागे. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले तबकडी निघाली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली. मग प्रश्न उलटा झाला. आधी गाणं जास्त आणि जागा कमी होती, आता जागा जास्त आणि गाणं कमी पडू लागलं.

पण माझी खरी परीक्षा झाली ती ‘गीतरामायणा’वर.

आपल्यापैकी बहुतेकांना त्याचा इतिहास ठाऊक असेल. पुणे आकाशवाणीचे सीताकांत लाड यांच्या पुढाकारानं ते सुरू झालं. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. १ एप्रिल १९५५, रामनवमी, शुक्रवार. त्या दिवशी पहिलं गीत लागलं. आठवड्याला एक, असं वर्षभर चालवायचं, म्हणजे बावन्न गीतं, असा हिशोब होता. पण त्या वर्षी पंचांगात अधिक महिना होता. रामनवमी ते रामनवमी हे अंतर वाढलं आणि पुढची रामनवमी थेट १९ एप्रिल १९५६ ला आली. कॅलेंडर घेऊन मोजलंत तर मधले शुक्रवार पंचावन्न भरतात, आणि रामनवमीचा तो गुरुवार धरून छप्पन्न. गीतरामायणाची गीतं छप्पन्न आहेत ती अशी.

म्हणजे पाहा, एका थोर कलाकृतीची लांबी पंचांगानं ठरवली! चार गीतांची जागा वाढली आणि ती भरावी लागली. आमच्या पोऱ्याच्या व्याख्येनं तर हे शुद्ध भरताड. पण त्या वाढीव चार कोणत्या, हे नुसतं ऐकून दाखवा बरं. मी पुष्कळदा प्रयत्न केला, मला जमलं नाही.

हे सगळं मला नंतर सुचलं. त्या वेळी माझ्याकडं फडक्यांच्या आवाजातला कॅसेटचा तो जाडजूड संच होता, आणि तो अख्खा भरून घेणं फार थोड्यांना परवडायचं. लोक म्हणायचे, “निवडक भरून द्या.” मी निवड करून टाकली होती. नव्वदच्या कॅसेटमध्ये दहा-अकरा गीतं बसायची. सीतेचं स्वयंवर, भरताची समजूत, सेतू बांधणं, शेवटी सीतेचा त्याग. जी लोक गुणगुणतात ती सगळी. ही माझी निवड तालुक्यात बरीच खपली, आणि त्याचा मला थोडा ताठाही होता.

एकदा वरसोलीकडची एक कोळीण मावशी ती कॅसेट घेऊन गेली. चार दिवसांनी परत आली. टोपली दाराबाहेर ठेवली आणि कॅसेट माझ्यापुढं टाकून म्हणाली, “होरीचा गाना नाय भरलास तू.”

होडीचं, म्हणजे गुहक रामाला गंगेपार नेतो ते. नावाड्यांचं गाणं आहे. मी ते वगळलं होतं, आणि त्याला माझ्याकडं कारण होतं. मी तिला समजावलं, मावशी, कॅसेटमध्ये जागा थोडी. त्या गाण्यात कथा काही पुढं जात नाही, नुसती नाव चालते. म्हणून काढलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “नदी पार नाय केली, तं तो वनान गेला कसा?”

मला उत्तर सुचलं नाही. गिऱ्हाईकं उभी होती, मी म्हटलं, दुसरी भरून देतो, आठवडाभरानं ये.

तो जून महिना होता. आमच्याकडं पावसाळ्यात मांडव्याच्या लाँचा बंद होतात, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, बाजार थंड असतो. दुकानात बसून माशा मारायच्या. मी संच काढला आणि पहिल्यापासून ऐकायला घेतला. पहिल्या दिवशी सलग नऊ ऐकली आणि कंटाळलो. खरं तेच सांगतो. मग रोज संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी एकच ऐकायचं ठरवलं. वीज गेली तर त्या दिवशी सुट्टी.

गणपतीच्या जवळपास संपलं. इतकी वर्षं हा संच विकून, त्यातले तुकडे करून विकूनही मी तो कधी पुरता ऐकला नव्हता, हे कबूल करायला हवं. आणि ऐकल्यावर माझा पहिला ताठा गेला, तसा दुसरा एक आला. आता मला त्यातलं कच्चंही दिसू लागलं. युद्धाचा भाग मला आजही लांबलेला वाटतो. तिथं गीत प्रसंग सांगण्याच्या ओझ्याखाली येतं, आणि लढाई काही गाण्यातून फारशी दिसत नाही. तिथली दोन-तीन गीतं कमी असती तरी चाललं असतं, असं मी म्हणतो. हे ऐकून कोणी रागावेल, रागावू दे.

पण बाकीचं? बाकीचं मी ज्याला कथा न सरकणारं म्हणत होतो, ते तसं नव्हतंच. गीतं वेगवेगळ्या माणसांची आहेत. कौसल्या बोलते, अहल्या बोलते, मग लक्ष्मण, भरत, शूर्पणखा, जटायू, शबरी, थेट कुंभकर्णसुद्धा. माझ्या निवडीत मी यातली निम्मी माणसं घरी पाठवली होती. गुहकाला पाठवला म्हणजे रामाला राजवाड्याबाहेर भेटलेला पहिला साधा माणूस पाठवला. आणि सगळी गाजलेली गीतं एकापाठोपाठ लावल्यामुळे पुरणपोळीवर पुरणपोळी वाढल्यासारखं झालं होतं. सीतेचं ते शेवटचं गाऱ्हाणं माझ्या कॅसेटवर अकरावं यायचं. मी ते शंभरदा भरलं असेन, कधी हात थांबला नव्हता. त्या पावसाळ्यात ते पन्नासहून जास्त गीतांनंतर आलं, आणि मी शटर अर्धं ओढून तसाच बसलो. पोऱ्या चहा ठेवून गेला, तो निवला.

आणखी एक लक्षात आलं. रेडिओवर ही गीतं अनेक आवाजांत झाली होती. माणिक वर्मा होत्या, मालती पांडे होत्या, वसंतराव देशपांडे होते, सीतेचं ते शेवटचं गाऱ्हाणं लताबाईंनी गायलं होतं. शिवाय दोन गीतांमध्ये सात दिवस जायचे. घरात त्या गीताची चर्चा व्हायची, कोणी उतरवून घ्यायचं, पुढच्याची वाट बघितली जायची. आम्ही ते एका आवाजात, एका खोक्यात, पाठोपाठ ऐकतो आणि म्हणतो, लांबलंय. फडक्यांच्या आवाजाला मी नावं ठेवत नाही, माझी तेवढी पात्रता नाही. पण सात दिवसांचं अंतर काढून घेतलं की कोणतीही गोष्ट लांबणारच. त्या इंजिनिअरच्या तीस गाण्यांचंही तसंच होतं की काय, कोण जाणे. ती कुणी आठवड्याला एक अशी ऐकली नसावीत.

आता कॅसेट गेली, तबकडी गेली, बाजू उलटायचीही गरज उरली नाही. फोनवर हवं तेवढं मावतं आणि नको ते बोटानं पुढं ढकलता येतं. ढकलणाऱ्याला मी दोष देत नाही. मी तर दुसऱ्यांच्या वतीनं ढकलत होतो, आणि त्याचे पैसे घेत होतो.

मावशीची कॅसेट राहिली होती. ती आठवड्यानं आली नाही, नारळी पुनवेनंतर, होड्या पाण्यात गेल्यावर आली. मी म्हटलं, मावशी, होडीचं गाणं घालतो, पण मग पहिल्या बाजूचं एक काढावं लागेल. कुठलं काढू ते तूच सांग. मला वाटलं ती अडेल, म्हणेल सगळीच ठेव. तिनं जराही विचार केला नाही.

“लगीन काढ,” ती म्हणाली. “लगीन तं सगल्यांचा व्हतं.”

म्हणजे सीतेचं स्वयंवर! माझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर असलेलं, ज्याच्यासाठी निम्मी गिऱ्हाईकं यायची ते. मी काढलं. अख्खी बाजू नव्यानं भरली. होडीचं गाणं शेवटी आलं. नव्वदच्या कॅसेटला मिनिटभर जादा पट्टी असते, तिच्या भरवशावर मी होतो. पण तिची पट्टी तोकडी निघाली आणि गाणं संपायला थोडं उरलं असताना खटका पडला. कॅसेट देताना मी तिला आधीच सांगितलं, मावशी, होडी पलीकडं लागायच्या आत बाजू संपते.

“पोचली आसंल,” ती म्हणाली, आणि कमरेची पिशवी सोडून पैसे मोजायला लागली.