रहिवासी कोणाला म्हणायचे? आदिवासी मुलांची कॉलेजची फी आणि आपले काम

(संस्थेच्या हितचिंतकांच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की आमच्या दारात आईबाप येऊ लागतात. प्रश्न एकच असतो. "ताई, पोरीचा नंबर लागलाय, फी कुठून भरायची?" आणि दरवर्षी तुमच्यातलेच कोणीतरी प्रेमाने म्हणते, "एका मुलीची फी मी भरतो." तुमच्या या दातृत्वाबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण आज मी तुमच्याकडे पैसे मागायला उभी नाही. यातल्या बहुतेक मुलांच्या फीची सोय सरकारने केलेली आहे आणि ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, हे सांगायला मी आले आहे. जे सरकारी तिजोरीतून मिळायचे ते तुमच्या देणगीतून भरले, तर ज्याला खरोखर कुठूनच काही मिळत नाही अशा मुलासाठी आपल्याकडे काय उरणार?

आधी योजना समजून घेऊ. अनुसूचित जमातीच्या मुलांना दहावीनंतर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. केंद्र आणि राज्य मिळून तिचा खर्च उचलतात. तीत कॉलेजची सक्तीची, परत न मिळणारी फी आणि वर निर्वाहभत्ता मिळतो. २०१० साली ठरलेल्या दरांनुसार अकरावी-बारावीचे मूल वसतिगृहात राहत असेल तर महिना ३८० रुपये, घरून जात असेल तर २३०. वैद्यकीय-अभियांत्रिकीसाठी १२०० आणि ५५०. भत्ता थोडा वाटेल, पण खरा आधार फीचा आहे. यासाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर राज्याची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे. आईबाप दोघे शिक्षक आहेत म्हणून अर्जच भरला नाही, अशी कुटुंबे आपल्याच मंडळ्यांमध्ये आहेत. त्यांनी ही दुसरी योजना बघावी. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. तो आधी कॉलेज तपासते, मग प्रकल्प कार्यालय.

पात्रतेत चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: जमात, रहिवास, उत्पन्न आणि रीतसर प्रवेश. यातला सर्वात फसवा शब्द 'रहिवासी' हा आहे. एकच शब्द, पण सरकारी कागदात तो तीन वेगळ्या अर्थांनी विचारला जातो.

पहिला अर्थ अधिवास. मूल महाराष्ट्राचे कायम रहिवासी आहे का? त्यासाठी तहसील कार्यालयातून वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि साधारणपणे पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याचे घर, शेत आणि शाळा एकाच गावात आहे त्याला हे सोपे. पण आमच्या नंदुरबार जिल्ह्यातून किती कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात! मूल एक वर्ष आजीकडे गावच्या शाळेत, दुसऱ्या वर्षी बापाच्या मागे फडावर, तिसऱ्या वर्षी आश्रमशाळेत. कोयता घेऊन चार-सहा महिने बाहेर गेल्याने कोणी महाराष्ट्राचा रहिवासी राहत नाही, असे नाही. घर कुठे आहे, हा प्रश्न असतो. पण ते दाखवायला रेशनकार्डावर मुलाचे नाव हवे आणि शाळेच्या दाखल्यांची साखळी तुटलेली नसावी. म्हणून मी आईबापांना सांगते, परत आलात की त्याच आठवड्यात शाळेत जाऊन नाव लावा.

दुसरा अर्थ जमातीच्या राज्याचा. अनुसूचित जमातींची यादी राज्यवार आहे. आंध्रातला एक विद्यार्थी, वडील नोकरीनिमित्त मुंबईत आलेले. त्याने मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात जमातीची राखीव जागा मागितली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेले आणि १९९० साली निकाल लागला की एका राज्यात मिळालेला जमातीचा दर्जा स्थलांतर केल्याने दुसऱ्या राज्यात आपोआप मिळत नाही. मारी चंद्रशेखर राव यांचा हा खटला. नवापूरच्या लोकांना हे नीट कळायला हवे. आपल्या रेल्वे स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. नातीगोती सोनगड, उच्छल, व्यारापर्यंत. गामीत, गावीत, मावची, पाडवी ही नावे दोन्ही राज्यांच्या याद्यांत आहेत. माणूस तोच, बोली तीच, पण दाखला मात्र ज्या राज्याचा त्याच राज्याचा. महाराष्ट्रात दाखला काढताना ६ सप्टेंबर १९५० रोजी घराणे कुठे राहत होते हे विचारतात, कारण जमातींचा आदेश त्या तारखेचा. गुजरातेतून लग्न होऊन आलेल्या सुनेचा दाखला तिच्या वडिलांकडून चालतो, नवऱ्याकडून नाही. तिला पुढे शिकायचे असेल, तर हे लग्नाआधी दोन्ही घरांनी बोलून घ्यावे.

तिसरा अर्थ अगदी उलटा. पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना २०१६ पासून आहे. बारावीनंतर शिकणाऱ्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्या खात्यात राहण्या-जेवणाचे पैसे जमा होतात. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिका शहरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार, असे दर ठरवले गेले. इथे मात्र मूल त्या शहराचे रहिवासी नसावे लागते. नंदुरबार शहरातल्या मुलाने नंदुरबारच्याच कॉलेजसाठी अर्ज केला तर तो नामंजूर होणार. एका योजनेत 'रहिवासी आहे' हे सिद्ध करायचे, दुसरीत 'रहिवासी नाही' हे. आईबाप गोंधळतात, यात त्यांचा काय दोष?

आता आपल्या मंडळीतला सर्वात नाजूक विषय. मला कितीदा तरी विचारतात, "आम्ही ख्रिस्ती आहोत, आम्हाला आदिवासींची सवलत मिळते का?" आणि कोणीतरी कानात सांगितलेले असते की फॉर्मवर धर्म दुसरा लिहा, म्हणजे त्रास नको.

बंधू-भगिनींनो, हे कान देऊन ऐका. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. आधी फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी धर्माची अट नाही. भिल्ल, मावची, पावरा, कोकणा माणूस ख्रिस्ती झाला म्हणून तो जमातीतून आपोआप बाहेर पडत नाही. २००४ साली केरळ सरकार विरुद्ध चंद्रमोहनन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले. धर्मांतराने जमात आपोआप जात नाही, पण त्या माणसाचा जमातीशी संबंध उरला आहे का, हे वस्तुस्थितीवरून बघावे लागते. ख्रिस्ती आदिवासींना यादीतून काढा, अशी मागणी होत असते, हे तुम्ही ऐकता. मागणी वेगळी आणि कायदा वेगळा. म्हणून खोटे लिहायची गरज नाही. फॉर्मवर ख्रिस्ती आहे तेच लिहा. आज धर्म लपवला आणि उद्या पाळकांचे शिफारसपत्र किंवा लग्नाचा दाखला जोडला, तर कागद एकमेकांविरुद्ध बोलतात आणि संशय मुलावर येतो.

याच निकालाची दुसरी बाजू आपल्या मंडळ्यांनी लक्षात ठेवावी. जमातीशी संबंध उरला पाहिजे. आपली बोली, भाऊबंदकी, लग्नातली नाती, शेतीच्या कामातला एकमेकांचा हात, हे सोडायला येशूने सांगितलेले नाही. मुलांना घरात मावची बोलू द्या. आजोळी पाठवा. भावकीतल्या सुखदुःखाला जा.

त्यानंतर येते जात वैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, पण व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी तपासणी समितीची वैधता लागते. राज्याचा त्याबाबतचा कायदा ऑक्टोबर २००१ पासून लागू आहे. समिती जुने कागद बघते आणि कुळाचार, रूढी, बोली यांबद्दलही विचारते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केले की या आप्तभावाच्या चाचणीवरच सगळे ठरवता येणार नाही. म्हणजे जुन्या कागदाचे मोल मोठे आहे. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचे जुने उतारे, आणि हे सगळे जोडणारी वंशावळ.

इथे ख्रिस्ती घरांची एक खास अडचण आहे. शाळेत आजोबांचे नाव एक, बाप्तिस्म्यानंतर हाक मारायचे नाव दुसरे, आणि सात-बारावर तिसरेच. एका मुलीचे नर्सिंगचे प्रवेशपत्र हातात होते, पण आजोबांची दोन नावे एकाच माणसाची आहेत हे दाखवायला वर्ष गेले. तिची जागा दुसरीला गेली. पुढच्या वर्षी ती पुन्हा परीक्षेला बसली आणि आज दुसऱ्या वर्षाला शिकते आहे, देवाची स्तुती असो. पण गेलेले वर्ष तिचे होते, कुठल्या कार्यालयाचे नव्हते.

आणखी तीन गोष्टी थोडक्यात. एक, एका वेळी एकच शिष्यवृत्ती. आपली मुले आदिवासी आहेत आणि ख्रिस्ती म्हणून अल्पसंख्याकही आहेत. दोन्हीकडे अर्ज केला तर घोळ होतो. कशात जास्त मिळते ते बसून ठरवा आणि एकच भरा. दोन, एक पदवी झाल्यावर त्याच पातळीची दुसरी घेतली, म्हणजे बी. ए. नंतर बी. कॉम., तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती नाही. तीन, व्यावसायिक कॉलेजात प्रवेश केंद्रीभूत फेरीतूनच घ्या. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतलेल्या जागेची फी सरकार भरत नाही. "आधी प्रवेश घ्या, शिष्यवृत्तीचे नंतर बघू" असे कोणी म्हणाले तर त्याला लेखी द्यायला सांगा.

ईश्वरविज्ञानाच्या पदविकेत उत्पन्नाचा दाखला कसा काढावा हे शिकवत नाहीत. पण प्रेषितांच्या कृत्यांत पौलाचे उदाहरण आहे. त्याला फटके मारायला बांधले, तेव्हा त्याने आपण रोमी नागरिक आहोत हे सांगितले आणि हात थांबले. विश्वासासाठी दुःख सोसायला तो तयार होता, पण कायद्याने दिलेला हक्क त्याने सोडून दिला नाही. आपल्या मुलांना सरकारची कृपा नको आहे. त्यांना नियमाप्रमाणे जे आहे ते हवे आहे, आणि ते मागायला शिकवणे हीसुद्धा सेवा आहे.

म्हणून आज माझ्या तुमच्याकडे चार विनंत्या आहेत.

प्रत्येक मंडळीने बाप्तिस्म्याची आणि लग्नाची जुनी रजिस्टरे वाळवीपासून वाचवावीत. त्या नोंदीत जमात, गाव, वडिलांचे नाव असेल तर ती दोन नावे जोडायला आधार होऊ शकते. पाळकांनी नक्कल देताना मूळ नोंदीत आहे तेवढेच लिहावे, एक शब्दही जास्त नको.

मुले नववीत असतानाच आईबापांना बसवून वंशावळ लिहून घ्या. आजी-आजोबा आहेत तोवर विचारा. ती माणसे गेली की ती माहिती गेली.

निवृत्त शिक्षक, तलाठी, कारकून आपल्यात बसले आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवड्यातला एक दिवस द्या. अर्ज वाचून द्यायला, बँक खाते आधारशी जोडलेले आहे का ते बघायला, तहसीलला सोबत जायला माणूस हवा.

आणि तुमची देणगी? ती जरूर द्या. गावाहून तालुक्याला खेपा घालण्याचे भाडे, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र, पैसे खात्यात येईपर्यंतचे खोलीभाडे, हे कुठल्याच योजनेत बसत नाही. बहुतेक मुले या किरकोळ खर्चापाशीच थांबतात. तिथे तुमचे दोन हजार रुपये एका मुलीचे वर्ष वाचवतात.

२०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यातल्या दर शंभरात एकोणसत्तर माणसे अनुसूचित जमातीची आहेत. ज्यांच्यासाठी नियम केले, तीच माणसे त्या नियमांपुढे सर्वात जास्त अडखळतात. यंदा निकाल लागेल तेव्हा आपल्या एकाही मंडळीतले मूल केवळ कागदावाचून घरी बसू नये, एवढीच प्रार्थना. प्रभू आपणा सर्वांना या कामासाठी वेळ आणि चिकाटी देवो. आमेन.