ज्याने कधी हात उगारला नाही



 कायदा आणि साहित्य यांच्या नात्यावर ढोबळ बोलण्यापेक्षा आज मी एकाच माणसाबद्दल बोलणार आहे. तो कादंबरीतला आहे, पण इतकी वर्षे वकिली करताना त्याने माझी पाठ सोडलेली नाही. हेन्ली ग्रँडकोर्ट हे त्याचे नाव. जॉर्ज एलियट यांच्या 1876 सालच्या ‘डॅनियल डेरोंडा’मधला हा खानदानी जमीनदार. टापटीप, मितभाषी, आवाज कधी न चढवणारा.

लग्नाआधीचा त्याचा एक प्रसंग आहे. ग्रँडकोर्ट चिरूट ओढत बसला आहे. फेच नावाची कुत्री समोर बसून एकटक त्याच्याकडे पाहते आहे. ती पाहते आहे हे ठाऊक असूनच तो दुसऱ्या चिमुकल्या कुत्र्याला मांडीवर घेऊन कुरवाळतो. फेच कासावीस होते, पंजा पुढे करते, कण्हू लागते. त्याला त्यात करमणूक वाटते. शेवटी ती मोठ्याने केकाटते, तेव्हा तो तिला ढकलतो आणि हाताखालच्या माणसाला तिला बाहेर काढायला सांगतो. मारलेले नाही, शिवीगाळ नाही. पुढे त्याची बायको होणाऱ्या ग्वेंडोलेनच्या संसारात जे होणार, ते सगळे या एका पानात आले आहे.

ग्वेंडोलेनच्या घरचा पैसा बुडालेला असतो, म्हणून ती या स्थळाला होकार देते. त्याची आधीची बाई आणि मुले आहेत हे तिला माहीत असते, आणि तिला ते माहीत आहे हे त्यालाही माहीत असते. त्या बाईकडचे हिरे तो बायकोला अंगावर घालायला लावतो. हुकूम अगदी सौम्य शब्दांत. त्याचे मृत्युपत्र तर आपण वकिलांनी मुद्दाम वाचावे असे आहे. इस्टेट त्या पहिल्या बाईच्या मुलाला. बायकोला वर्षाला 2,000 पौंड आणि राहायला घर कुठले, तर जिथे त्याने त्या बाईला ठेवले होते तेच. कायद्याने त्यात बोट ठेवायला जागा नाही. मेल्यावरही त्याने तिचा अपमान केला, तोही रीतसर दस्त करून.

ग्वेंडोलेन माझ्याकडे आली असती तर मी दाव्यात काय लिहिले असते, हा प्रश्न मला सुटत नाही. इंग्लंडच्या 1857 च्या कायद्याप्रमाणे नवऱ्याला घटस्फोटासाठी बायकोचा व्यभिचार पुरे होता; बायकोला नवऱ्याच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा त्याग असेही काही सिद्ध करावे लागे. आणि क्रूरता म्हणजे जिवाला, शरीराला, प्रकृतीला धोका. कादंबरीच्या थोडे आधी, 1869 साली, लॉर्ड पेन्झान्स यांच्यापुढे केली विरुद्ध केली हा खटला आला. नवरा धर्मोपदेशक. त्याने बायकोच्या हातून घर काढून घेतले, रोजच्या जाचाने तिची प्रकृती ढासळली, आणि मारहाणीविनाही ही क्रूरताच असे न्यायाधीशांनी ठरवले. पण तिथेही बाईला आधी आजारी पडावे लागले. ग्वेंडोलेन तब्येतीने धडधाकट होती.

आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी लिहिली. त्यातले शंकरमामंजी ग्रँडकोर्टसारखे थंड नाहीत. विधवा यमूचे केशवपन जबरदस्तीने करवणारे ते गृहस्थ आहेत. मात्र दोघांनाही समाजात मान आहे, आणि तो मान हेच दोघांचे हत्यार आहे. हरिभाऊंचे मोठेपण मला वेगळ्याच गोष्टीत दिसते: त्यांनी सगळी कहाणी यमूच्याच तोंडून वदवली. मध्ये ना वकील, ना दुभाष्या. ती लहानसहान गोष्टींवर गोष्टी रचत जाते, आणि त्यांच्या साचण्यातून वाचकाला छळ कळतो.

आपण कोल्हापूरकर आहोत, म्हणून एक सांगितलेच पाहिजे. स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा शाहू महाराजांनी करवीर संस्थानात 1919 साली केला. भारतीय दंड संहितेत 498-अ हे कलम आले 1983 साली, म्हणजे 64 वर्षांनी. त्या कलमाने मानसिक इजाही क्रूरतेत धरली. आज ती तरतूद भारतीय न्याय संहितेत आहे. मधल्या काळात, 1975 साली, दास्ताने दांपत्याच्या खटल्यात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी जुनी इंग्रजी कसोटी आपल्याकडे लागू नाही, जिवाला धोका असलाच पाहिजे असे नाही, हे स्पष्ट केले. तो दावा नवऱ्याने केला होता, हेही लक्षात ठेवू. ग्रँडकोर्टपणा पुरुषांचीच मिरास नव्हे.

म्हणजे कायदा आता पुष्कळ पुढे आला आहे. मागे राहिलो आहोत ते आपण, आपल्या कचेरीत. बाई समोर बसते आणि आपला पहिला प्रश्न असतो, ‘मारहाण करतो का? दारू पितो?’ ती ‘नाही’ म्हणते. मग आपण म्हणतो, ‘ताई, मग केस कशी उभी करायची?’ ती गप्प होते. उलटतपासणीतही तेच. नवरा सुशिक्षित आहे, पगार घरी देतो, मोठ्याने बोलत नाही, हे एकेक कबूल करून घेतले की समोरचा वकील समाधानाने खाली बसतो. ही सगळी वर्णने ग्रँडकोर्टलाही लागू पडतात!

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून इथे सुरू झाले. आपण कित्येक वर्षे मागत होतो ते मिळाले. सहा जिल्ह्यांतल्या बायकांची अपिले आता याच गावात चालतील, आणि अपिलात नवी साक्ष सहसा येत नाही. खालच्या कोर्टात जे नोंदले गेले तेवढ्यावरच निकाल. म्हणून नव्या वकिलांना माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या भेटीत मारहाणीचा प्रश्न विचारू नका. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत घरात काय घडते, ते तिला तिच्या शब्दांत सांगू द्या. पैसे कोण मोजून देतो, माहेरी फोन लावला की कोण समोर येऊन उभे राहते, पाहुण्यांसमोर ती बोलली तर नंतर काय होते, हे सगळे येऊ द्या. तारीखवार अर्ज त्यानंतर लिहायला घ्या.