कवळी डबीत का राहते?
(मंडळाच्या ज्येष्ठांच्या मेळाव्यातील भाषणावरून)

आम्ही दोघंही दंतवैद्य, इथलेच, इंदूरचे. आज बोलायचं आहे ते कवळीबद्दल. तोंडातल्या नव्हे, डबीतल्या!

आमच्याकडे एक काकू येत. नवी कवळी बसवून आठवडा झाला आणि म्हणाल्या, "उजवीकडे खालची हिरडी दुखते." आम्ही तिथे कवळी आतून थोडी घासून दिली. पुन्हा आल्या, पुन्हा घासली. तिसऱ्यांदा आम्ही म्हटलं, "होईल हो सवय." त्यानंतर त्या आल्याच नाहीत. गणपतीत दिसल्या तेव्हा तोंडाला पदर. आरतीत ओठ मिटलेले, आणि पंगतीला न बसता निघाल्या.

चूक आमची होती. दुखणं उजवीकडे होतं, कारण डावीकडे. डावीकडची एक दाढ बाकीच्या दातांआधी टेकत होती. त्यामुळे प्रत्येक घासाला कवळी सरकायची आणि उजवी हिरडी सोलवटायची. आम्ही आतून घासत गेलो, ती आणखी सैल झाली.

त्यांना घरून बोलावून आणलं. दातांमध्ये निळा कागद धरायचा आणि टकटक चावायला सांगायचं. जो दात आधी टेकतो त्याच्यावर गडद ठिपका उमटतो. तेवढाच ठिपका जरासा घासायचा, पुन्हा कागद, पुन्हा टकटक. सगळ्या दाढा एकदम टेकल्याचा आवाजसुद्धा वेगळा येतो. काकूंनीच तो आधी ओळखला.

तेव्हा दुखलं की डॉक्टरकडे परत जा, संकोच नको. "किती वेळा त्रास द्यायचा?" हे आपल्या लोकांचं नेहमीचं. नव्या कवळीला दोन-चार फेऱ्या लागतातच. घरी कानस किंवा काचकागद मात्र चालवू नका (एका आजोबांनी चालवला होता, नवीच करावी लागली). गरम पाण्यात घालू नका, ती वाकते. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा, हिरडीला विसावा मिळतो.

जुनी कवळी सैल झाली तर तिचा दोष नाही. दात गेल्यावर हिरडीखालचं हाड झिजतच राहतं, खालच्या जबड्यात जास्त. पुष्कळदा आतून नवं अस्तर दिलं की तीच कवळी पुन्हा बसते. पण कवळी काढून ठेवूनही जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर ताबडतोब दाखवा. तिथे सवयीची वाट बघायची नाही.

आणि दाखवायला येताना आदल्या दिवशी कवळी घाला, तीच घालून जेवा. रुमालात बांधून आणलीत, तर कुठे लागतं ते आम्हाला दिसत नाही.