श्रमानंतरची उतरण

दोन वर्षांपूर्वी कचेरीच्या वैद्यकीय तपासणीत माझा रक्तदाब प्रथमच वाजवीपेक्षा अधिक भरला. याच विकारापायी पक्षाघात होऊन माझे वडील अंथरुणाला खिळले होते. त्यामुळे तो आकडा मला नुसता आकडा वाटला नाही. डॉक्टरांनी तूर्त गोळी न देता रोज पाऊण तास झपझप चालण्याची आज्ञा केली. सरकारी नोकर आज्ञा पाळतो, मीही पाळली. पण पाचव्या दिवशी फेरी संपवून झाडाखाली उभा राहिलो, तो डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली बसताच ती गेली. घरी येऊन रक्तदाब मोजला, तर तो निघतानाच्या आकड्याहून खाली! हे सुचिन्ह समजावे की संकट, हेच उमजेना.

चालताना हा आकडा चढतो, हे स्वाभाविकच. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त बाहेर लोटते. कठोर श्रमात हे प्रमाण २० लिटरांवर जाऊ शकते. श्रम थांबले की हृदयाचा वेग ओसरतो. परंतु राबलेल्या स्नायूंतील रक्तवाहिन्या लागलीच आकसत नाहीत. माझ्या नोकरीची काही वर्षे कालव्याखालच्या मुलखात गेली. पाटकऱ्याने वरून पाणी कमी केले आणि शेतांची दारे मात्र उघडीच राहिली, की पाटातील पातळी उतरलीच म्हणून समजावे. देहातही तसेच घडते, आणि ही उतरण दोन-दोन तास टिकते. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ लेनर्ड हिल यांनी धावण्यानंतरच्या या उतरणीची नोंद १८९८ सालीच केली होती.

मग ही दारे उघडी धरतो कोण? मज्जासंस्थेचा यात वाटा आहे. पण सगळा नव्हे. अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठात जॉन हॅलिविल आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ व २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून एक अनपेक्षित नाव पुढे आले. ते म्हणजे हिस्टामिन.

हिस्टामिन आपल्याला परिचित आहे ते शत्रू म्हणून. शिंका, गांधी, खाज ही त्याचीच करणी. परंतु हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी १९१० साली त्याचा अभ्यास केला, तेव्हाच रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरविण्याचा त्याचा गुण दिसून आला होता. मात्र हुकूम सुटणे वेगळे आणि तो घेणारा कारकून जागेवर असणे वेगळे. हिस्टामिनचा हुकूम घेणाऱ्या पेशींवरील रेणूंना ग्राही म्हणतात. त्यांचे चार प्रकार आहेत. आपल्या विषयाशी संबंध आहे तो एच-१ आणि एच-२ यांचा. सर्दीची गोळी पहिल्याला अडविते. दुसऱ्याचा छडा जेम्स ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली लावला आणि त्यातून आम्लपित्तावरील नवी औषधे निघाली.

हॅलिविल यांनी निरोगी माणसांना तासभर मध्यम जोराने सायकल चालवावयास लावली. एच-१ अडविला, तेव्हा व्यायामानंतर लगेच येणारी वाहिन्यांची सैलता घटली. एच-२ अडविला, तेव्हा मागाहूनची घटली. दोन्ही एकदम अडविले, तेव्हा ती बहुतांशी नाहीशी झाली. म्हणजे एक कारकून पहिल्या पाळीचा, दुसरा नंतरच्या! आणि हे हिस्टामिन ॲलर्जीतून आलेले नव्हे; राबलेला स्नायू ते आपल्या ठायीच निर्माण करतो.

यातून उपयोग काय, असे कोणी विचारील. बेल्जियममधील गेन्ट येथील संशोधकांनी २०२१ साली त्याचे उत्तर दिले. सहा आठवड्यांच्या व्यायामाच्या काळात ज्यांचे दोन्ही ग्राही औषधांनी अडविले होते, त्यांना व्यायामाचा लाभ इतरांहून कमी झाला. श्रमानंतरची ही उतरण म्हणजे निव्वळ थकवा नव्हे. देह श्रमातून जे कमावतो, त्या कमाईशी याच हिस्टामिनचा संबंध आहे.

हे वाचून मी चपापलो. कारण पावसाळ्यात सर्दीची गोळी मी हटकून घेतो. पण त्या प्रयोगांत दोन औषधे एकत्र होती, आणि एच-१ अडविणाऱ्या औषधाची मात्रा ५४० मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या नेहमीच्या १८० मिलिग्रॅमच्या तिप्पट होती. तेव्हा एवढ्यावरून कोणी आपली गोळी परस्पर बंद करू नये. शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे.

मी मात्र एक गोष्ट शिकलो. चालता चालता एकदम थांबू नये. पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलीत असतात. ते थांबले, आणि दारे उघडीच असली, की रक्त पायांत साचते व भोवळ येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर हे विशेष जपावे. आता शेवटची पाच मिनिटे मी रमतगमत चालतो. झाड तेच आहे. अंधारी पुन्हा आलेली नाही. आणि घरी येऊन उतरलेला आकडा पाहिला, की भीती वाटण्याऐवजी वडिलांची आठवण होते; हे त्यांना कोणी वेळीच सांगावयास हवे होते, असे वाटून जाते.