एकपदरी पुलांचा देश

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



प्रवासवर्णन ऐकविणाऱ्या माणसाला श्रोते थोडे भितात, याची मला कल्पना आहे. शाळामास्तर प्रवासाला जाऊन आला म्हणजे त्याच्या हाती भूगोलाचा तास सापडतो. तो मी घेणार नाही असे वचन देत नाही. पण तास वेळेवर संपवीन, एवढी खात्री देतो.

२०२३ च्या दिवाळीच्या सुटीत मी व माझी पत्नी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मोटारीने सहा दिवस हिंडलो. सुमारे बाराशे किलोमीटर रस्ता झाला. गाडी भाड्याची, लहानशी. ती चालविली पत्नीने. नकाशा वाचण्याचे आणि सूचना देण्याचे काम माझ्याकडे होते. त्यातले पहिले काम मी चांगले केले, असे तिचे मत आहे. तिथे वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात आणि पर्यटकाला इंग्रजी मजकुराचा आपला परवाना चालतो, त्यामुळे नवशिकेपणा फारसा जाणवला नाही. आपल्याकडे शरद ऋतू, तर तिकडे वसंत. म्हणजे एका वर्षात आम्ही दोन वसंत पाहिले.

पहिला धडा विमानतळावरच मिळाला. त्या देशाचा संसार शेतीवर आणि गुराढोरांवर चालतो. बाहेरचा किडा, बी अथवा माती आत येऊ नये म्हणून प्रत्येकाने आपल्याजवळचे खाद्य लिहून जाहीर करायचे असते. न सांगता काही सापडले तर जागच्या जागी चारशे डॉलर दंड. पत्नीने भाकरवडीचा डबा घेतला होता. तो तिने कागदावर रीतसर नोंदविला. अधिकाऱ्याने डबा उघडला, वास घेतला, दोन प्रश्न विचारले आणि हसून परत दिला. सांगून टाकले की भीती उरत नाही, हा नियम मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवितो. इथे तो सरकारी मोहोर उमटलेला पाहिला.

ख्राइस्टचर्च हे तिथले मोठे शहर. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात तिथे १८५ माणसे गेली आणि शहराचा मध्यभाग मोडून पडला. मोठ्या चर्चचे शिखर कोसळल्यावर शिगेरू बान या जपानी वास्तुशिल्पज्ञाने जाड पुठ्ठ्याच्या नळ्या वापरून तात्पुरते चर्च उभे केले. ते २०१३ मध्ये उघडले आणि अजून उभे आहे. पुठ्ठ्याचे घर टिकत नाही, असे आता मुलांना सांगता येणार नाही.

पण त्या शहरात आम्हांला आधी जायचे होते ते हॅगली पार्कसमोरच्या अल नूर मशिदीत. १५ मार्च २०१९ च्या शुक्रवारी तिथे आणि लिनवुडच्या मशिदीत एका माणसाने गोळ्या झाडून ५१ जणांचे प्राण घेतले. मेलेल्यांत आपल्या बडोद्याचे एक पिता-पुत्र होते, हे या सभागृहातील अनेकांना आठवत असेल. आम्ही पोहोचलो तोही शुक्रवारच होता. जुम्याची नमाज झाली. माझ्या एका बाजूला सोमाली तरुण, दुसऱ्या बाजूला मलायी म्हातारे गृहस्थ. मी कुठला, हे कळल्यावर त्या वृद्धांनी माझा हात जरा जास्त वेळ हातात धरला. ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. पत्नी बायकांच्या बाजूने बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. आम्ही समोरच्या बागेत झाडांखाली थोडा वेळ बसलो आणि मग गाडीकडे गेलो.

त्या घटनेनंतर शहरातील लोकांनी बागेच्या भिंतीशी फुलांची रास घातली, हे आपण चित्रांत पाहिले आहे. पण फुले वाळतात. मला महत्त्वाचे वाटले ते पुढचे. चार आठवड्यांच्या आत, १० एप्रिल २०१९ रोजी, तिथल्या संसदेने त्या जातीच्या बंदुकांवर बंदी घालणारा कायदा ११९ विरुद्ध १ मतांनी मंजूर केला. चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल २०२० च्या डिसेंबरात लोकांपुढे ठेवला. सुरक्षा खात्यांचे लक्ष एकाच दिशेला फाजील लागून राहिले होते, असे त्यात स्पष्ट लिहिले. दुःख सर्वांनाच होते. आपल्याच दारातला दोष कागदावर मांडायला मात्र वेगळे धैर्य लागते.

आता डोंगरांकडे वळतो, नाही तर आपण म्हणाल की मास्तर निसर्ग दाखवितो म्हणाले आणि कायदेच वाचीत बसले.

ख्राइस्टचर्चहून तीन तासांच्या वाटेवर टेकापो सरोवर लागते. त्याचे पाणी निळे म्हणावे तर निळे नाही, हिरवे म्हणावे तर तेही नाही. हिमनदी सरकताना खालचा खडक जात्यासारखी दळते. ते दगडाचे पीठ पाण्यात तरंगत राहते आणि त्यावर ऊन पडले की हा रंग दिसतो. काठावर १९३५ चे एक दगडी चर्च आहे, चिमुकले. रात्री तिथे दिव्यांवर निर्बंध आहेत, कारण २०१२ पासून तो मुलूख अंधाऱ्या आकाशासाठी राखलेला आहे. थंडीने कुडकुडत आम्ही तारे पाहिले. आपल्या शहरातल्या मुलांनी आकाशगंगा पुस्तकातच पाहिलेली असते, याचे मला तिथे वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी त्या देशातील सर्वांत उंच पर्वताच्या पायथ्याशी गेलो. उंची ३,७२४ मीटर. १९९१ मध्ये माथ्याचा कडा कोसळून तो खुजा झाला. उरलेल्या बर्फाचीही झीज झाली. पुढे १९५३ मध्ये एव्हरेस्ट चढणाऱ्या एडमंड हिलरींनी आपले पाय इथेच घट्ट केले. शेजारच्या टास्मान हिमनदीच्या तोंडाशी आज मोठे सरोवर आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी तिथे सरोवर नव्हते, बर्फच होता. हिमनदी मागे हटत आहे, हे वाक्य मी फळ्यावर लिहिले आहे. ती सोडून गेलेली जागा प्रत्यक्ष पाहणे निराळे.

या पर्वताला कायद्याने दोन नावे आहेत: आओराकी आणि माउंट कुक. पहिले तिथल्या मूळच्या माओरी लोकांचे. त्यांची कथा अशी की, आओराकी व त्याचे भाऊ आकाशपित्याचे पुत्र. त्यांची होडी अडकून कलंडली, ते तिच्या पाठीवर चढले आणि थिजून शिळा झाले. ती होडी म्हणजेच हे बेट. दुसरे नाव इंग्रज दर्यावर्दीचे. १८४८ मध्ये या बेटावरील एक कोटी एकरांहून अधिक जमीन नाय ताहू या माओरी वंशाकडून अवघ्या दोन हजार पौंडांत घेतली गेली, आणि त्यांच्यासाठी पुरेशी जमीन राखण्याचे आश्वासनही पाळले गेले नाही. दीडशे वर्षे त्यांनी दाद मागितली. १९९८ मध्ये समझोता झाला, पंतप्रधानांनी माफी मागितली, सतरा कोटी डॉलरची भरपाई ठरली आणि नकाशावर आओराकी हे नाव आधी लिहिले गेले. दुसरे पुसले नाही.

बडोदे म्हणावे की वडोदरा, यावर आपल्यापैकी कित्येकांच्या घरी वाद झाले असतील. मी मुसलमान; शाळेत मराठीत शिकलो, बाजारात गुजराती बोलतो, आजीच्या दुआ मात्र उर्दूत ऐकल्या. त्यामुळे दोन नावांच्या डोंगराखाली मला परक्यासारखे वाटले नाही. तिथे माओरी भाषा मरणपंथाला लागली होती. १९८२ मध्ये आज्यांनी नातवंडांशी तीच बोलावी अशा बालवाड्या निघाल्या आणि १९८७ मध्ये ती राजभाषा झाली. क्रम लक्षात घ्या: आधी आजी, मग कायदा. आपल्या मुलांचे मराठी टिकावे असे ज्यांना वाटते, त्यांनी सरकारची वाट पाहण्यापूर्वी घरचे जेवणाचे ताट आठवावे.

पुढे लिंडिस खिंड, वानाका, हास्ट खिंड आणि पश्चिम किनाऱ्याची दाट पावसाळी वने. हास्टचा रस्ता १९६५ मध्येच पुरा झाला, इतका तो मुलूख बिकट. या वाटेवर जागोजाग एकपदरी पूल लागतात. एका वेळी एकच गाडी जाईल एवढी रुंदी. पोलीस नाही, दिवा नाही, फक्त एक पाटी. तिच्यावर दोन बाण: ज्याच्या दिशेचा बाण लहान आणि तांबडा, त्याने थांबायचे. समोरचा आला की तो जाईपर्यंत थांबावे; जाताना तो दोन बोटे वर करून आभार मानतो. पहिल्या पुलावर पत्नी संशयाने थांबली. दहाव्या पुलापर्यंत तीही बोटे वर करू लागली. रस्त्याकडेच्या शेतांपुढे कुठे कुठे अंडी किंवा फळे ठेवलेली आणि शेजारी पैशांचा डबा. विकणारा कोणी नाही. त्या भरवशावर आम्ही अंडी घेतली आणि पैसे दोनदा मोजून टाकले. कोणी पाहत नसताना माणूस अधिक काटेकोर होतो, हे मला नवीनच कळले.

होकिटिकाहून आर्थर्स पासच्या खिंडीने आम्ही ख्राइस्टचर्चला परतलो.

तो देश स्वर्ग नव्हे, हे मी सांगितलेल्या दोन हकिकतींवरूनच दिसेल. पण तिथे एक सवय पाहिली: पूल अरुंद आहे हे मान्य करायचे आणि पाळी ठरवून घ्यायची. आपली शहरे दाट, साधने तोकडी. आपले सारेच पूल एकपदरी आहेत. आपल्या या संस्थेने पन्नास वर्षे गरजवंताची जात-धर्म न विचारता त्याला आधी जाऊ दिले, म्हणूनच आज माझ्यासारखा मास्तर या व्यासपीठावर उभा आहे. पर्वताची उंची कमी झाली ती कडा ढासळल्यामुळे. दोन नावांमुळे नव्हे. एवढे आपल्या मुलांना सांगावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.