कुरकुर न करणारी मुलं
(कर्वेनगर, पुणे येथील बैठकीत केलेलं भाषण)



ऑक्टोबर १८५६ मध्ये सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिलं. स्वतः आजारी, माहेरी आलेल्या. तरी काळजी फातिमाची: तिला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करायची नाही. फातिमा शेख यांच्याविषयी आपण अभिमानानं बोलतो. मला मात्र या पत्रातली मैत्री जास्त मोलाची वाटते. न बोलणाऱ्या मैत्रिणीचं ओझं सावित्रीबाईंनी दुरून ओळखलं.

आपल्या घरातली मुलंही अशीच कुरकुर करत नाहीत. माझी भाची सहावीत. आठवडाभर तिचा डबा अर्धा परत येत होता. विचारलं की "काही नाही". आपानं ठरवूनच टाकलं, आपण मुसलमान म्हणून मुली तिला सोबत घेत नाहीत. ती शाळेत भांडायला निघाली. मी म्हटलं, "आपा, एक दिवस थांब."

संध्याकाळी आम्ही दोघी मटार सोलत बसलो. समोरासमोर बसवून विचारलं की मुलं गप्प होतात. हाताला काम असलं की बोलतात. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "खाला, मीच तिचं सिक्रेट दुसरीला सांगितलं." म्हणजे चूक हिची होती. हिला माफी मागायची होती, कशी ते कळत नव्हतं.

पण याच्या उलटही घडतं, आणि तेही मी पाहिलंय. ओळखीतल्या एका मुलाला वर्गात रोज "पाकिस्तानी" म्हणत. घरचे म्हणाले, "मस्करी असेल, लक्ष देऊ नकोस." दोन महिने त्यानं लक्ष दिलं नाही, मग शाळेत जाणंच बंद केलं. तिथं मोठ्यांनी पहिल्याच दिवशी शिक्षकांना भेटायला हवं होतं. हे भांडण मुलानं एकट्यानं सोडवायचं नसतं.

कुठलं प्रकरण कसलं, हे बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून आधी ऐका. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हे वाक्य तेवढं गिळा. "मी काय करू, की नुसतं ऐकू?" असं विचारा. मूल खाणं-झोपणं सोडू लागलं, मरणाची भाषा करू लागलं, तर वाट पाहू नका. त्याला एकटं ठेवू नका. १४४१६ ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १०९८ मुलांसाठी आहे. दोन्ही मोफत आहेत.

भाचीनं माफी मागितली. मैत्रीण "ठीक आहे" म्हणाली, पण बाक बदलला तो बदललाच. त्या रात्री भाची खूप रडली. मी आणि आपा नुसत्या शेजारी बसून होतो.