आभाळ मोकळं, ओढा भरलेला: परतीच्या पावसात लांब चालणाऱ्यांसाठी

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, जे येत्या महिन्या-दीड महिन्यात पायी लांब जाणार आहेत. कुणी तुळजापूरहून ज्योत आणणार असेल, कुणी कोजागिरीला चालत जाणार असेल, कुणी दसऱ्याच्या सुट्टीत पितळखोरा, अंतूर असं करत अजिंठ्याच्या डोंगररांगेत दोन-तीन दिवस फिरणार असेल. आपल्याकडे ट्रेकर म्हटलं की पाठीवर मोठी सॅक, महागडे बूट असं चित्र डोळ्यासमोर येतं. पण मराठवाड्यात सगळ्यात लांब कोण चालतं? ज्योतवाली पोरं. संभाजीनगर ते तुळजापूर अडीचशे किलोमीटरच्या वर आहे, आणि ते अंतर लोक हातात मशाल घेऊन, बरेचदा अनवाणी कापतात. तेही सप्टेंबरच्या शेवटी, म्हणजे ऐन परतीच्या पावसात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. घटस्थापनेच्या आधी मंडळाची पोरं टेम्पोने तुळजापूरला जातात, देवीच्या दारात ज्योत पेटवतात आणि पळत आपल्या गावी आणतात. दर दीड-दोन किलोमीटरला माणूस बदलतो. मागून छोटा हत्ती येतो, त्यात तेलाचा डबा, पाणी, केळी आणि पाय धरून बसलेले दोन-तीन जण. नियम एकच, ज्योत विझू द्यायची नाही. आणि न लिहिलेला दुसरा, थांबायचं नाही.

या दुसऱ्या नियमापायी मी काय केलं होतं ते आज सांगणार आहे. आजवर कुठे फारसं बोललो नाही. सोबतची पोरं चिडवतात म्हणूनही, आणि आईला अर्धीच गोष्ट माहिती आहे म्हणूनही.

आम्ही चौदा जण होतो. येरमाळा मागे टाकून चौसाळ्याकडे निघालो होतो, संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. एकाच्या मामाचं गाव हायवेपासून आत चार किलोमीटरवर, तिथे जेवण ठेवलेलं. वेळापत्रकाच्या दोन तास मागे होतो आणि पुढची जबाबदारी माझ्याकडे. गावच्या रस्त्यावर एक ओढा लागतो, त्याच्यावर फरशी पूल. फरशी पूल म्हणजे कठडे नसलेला, जेमतेम दोन फूट उंचीचा, खालून सिमेंटचे पाइप टाकलेला. तुमच्याही गावाला असेलच. डोक्यावर आभाळ मोकळं होतं, चक्क ऊन होतं. फक्त पश्चिमेला बालाघाटाच्या अंगाला काळं दिसत होतं आणि मधूनच वीज लवत होती. आवाज नाही, नुसता उजेड. आम्ही म्हणलो, तिकडं पडतोय, आपल्याला काय!

दोघं ज्योत घेऊन पुढे निघून गेले होते, पलीकडे पोचले. आम्ही पोचलो तेव्हा फरशीवरून घोट्याएवढं पाणी चाललेलं. काठावर एक म्हातारे बाबा शेळ्या घेऊन उभे होते. म्हणाले, "उतरू नका रं लेकरांनो. पाणी लाल झालंय. काडीकचरा यायलाय. वरून लोंढा येतोय."

मी काय म्हणालो असेन? "बाबा, ज्योत पलीकडं गेलीय, थांबता येत नाही." आणि उतरलो. सहा-सात पावलं. चौथ्या पावलाला पाणी पोटरीला लागलं, सहाव्याला गुडघ्याला. पाणी तेवढ्या वेळात चढलं होतं, मी खोल जागी गेलो नव्हतो. पाय शेवाळावरून सरकला आणि मी पुलाच्या कडेकडे निघालो. मागच्या पोराने शर्टाची कॉलर धरली म्हणून आज बोलतोय. त्याच्या हातात कॉलर आली, अक्षरशः. बाकीच्यांनी दोघांनाही ओढलं.

दहा-पंधरा मिनिटांत फरशी दिसेनाशी झाली. पाण्याचा आवाज असा की पलीकडच्यांनी ओरडलेलं कळेना. एक आख्खी बाभूळ मुळासकट आमच्यासमोरून गेली. आणि आमच्याकडे पावसाचा एक थेंब नाही!

पुढची गंमत अशी, की तेलाचा डबा अलीकडे छोट्या हत्तीत आणि ज्योत पलीकडे. तिकडच्या दोघांनी मामीच्या डब्यातलं गोडेतेल घालून रात्रभर ज्योत राखली. शिवाय चौदा जणांचं जेवण त्या दोघांसमोर वाढून ठेवलेलं. आम्ही बारा जण जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात उरलेल्या केळ्यांवर झोपलो. पाणी मध्यरात्रीनंतर ओसरलं, सकाळी साडेसहाला नीट बघून पार झालो. आमच्याकडे त्या वर्षी घट सकाळच्या मुहूर्ताऐवजी दुपारी बसले. काकूंनी फोनवर सगळं आधीच ऐकलं होतं. ओवाळून झाल्यावर फक्त माझी फाटकी कॉलर बघितली आणि आत गेल्या.

आता हे असं का होतं, ते समजून घेऊ.

आषाढ-श्रावणातला पाऊस दिवसभर रिपरिप लागतो, त्याची आपल्याला धास्ती असते, आपण तयारीत असतो. परतीचा पाऊस वेगळा. सकाळी लख्ख ऊन, दुपारी उकाडा. जमिनीत ओल असते, ती तापून वर जाते, दोन-तीनच्या सुमाराला ढग उभे राहायला लागतात. आडवे पसरत नाहीत, उभे वाढतात, दहा-बारा किलोमीटर उंच. मग चार ते आठ या वेळात चार-पाच गावांवर बदाबदा कोसळून मोकळे होतात. शेजारच्या गावाला पत्ताही नसतो. वर आपली काळी माती. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा असतात, तेव्हा ती पाणी पिते. सप्टेंबरपर्यंत फुगून भेगा बुजलेल्या असतात, खाली बसाल्टचा कातळ. पडलेलं पाणी मुरायला जागाच नाही, ते थेट ओढ्याला लागतं.

यात बंगालच्या उपसागरातून एखादं वादळ आलं की मग बघायलाच नको. 26 सप्टेंबर 2021 ला गुलाब चक्रीवादळ आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर धडकलं. आपल्याला वाटतं, किनारा कुठे, आपण कुठे. त्याचं उरलंसुरलं तेलंगणावरून सरकत दोन दिवसांत मराठवाड्यावर आलं आणि मांजरा काठावर हाहाकार झाला. त्याच 28 तारखेला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुलावरून पाणी वाहत असताना एसटी बस वाहून गेली, माणसं गेली. एसटी, मंडळी. काही टन लोखंड. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. अर्धा फूट जोराचं पाणी उभ्या माणसाला पाडू शकतं, दोन फुटांत बहुतेक गाड्या तरंगतात. "मला पोहता येतं" याचा इथे काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट धरणांची. ज्योतीचा रस्ता आठवा. संभाजीनगरहून तुळजापूरला जाताना शहागडला गोदावरी, गेवराईच्या पुढे सिंदफणा, बीडमध्ये बिंदुसरा, चौसाळ्याच्या पुढे मांजरा. शहागड हे पैठणच्या खालच्या अंगाला आहे, म्हणजे तिथलं पाणी जायकवाडी ठरवते. आणि जायकवाडी कोण भरतं? नाशिकचा पाऊस, नांदूर मधमेश्वरमधून आलेला. जुलैत धरण रिकामं असतं, आलेलं पाणी पोटात घेतं. सप्टेंबरअखेर भरलेलं असतं, मग जेवढं आत येईल जवळपास तेवढं बाहेर सोडावं लागतं. 2006 च्या ऑगस्टमध्ये पैठणने ते बघितलं होतं, 2025 च्या सप्टेंबरअखेर पुन्हा बघितलं. त्या वेळी विसर्ग दोन लाख क्युसेकच्या वर गेला आणि पैठणमधल्या नदीकाठच्या वस्त्या हलवाव्या लागल्या.

क्युसेक हा आकडा बातमीत ऐकून आपण सोडून देतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर, वीस लिटरचा जार अधिक थोडं. दोन लाख क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे साडेपाचशेच्या वर टँकर, दर सेकंदाला. टँकरचा हिशोब संभाजीनगरकरांना वेगळा शिकवायला नको.

2025 ची घटस्थापना 22 सप्टेंबरला होती. नेमक्या त्याच दोन-तीन दिवसांत धाराशिव जिल्ह्यात परंडा, भूम भागात अतिवृष्टी झाली. लोकांना काढायला एनडीआरएफ आणि हेलिकॉप्टर आणावं लागलं. तिकडे सीनेच्या पुराने सोलापूर-विजयपूर महामार्ग बंद पडला. कोजागिरीला कर्नाटकातून तुळजापूरला चालत येणाऱ्या कितीतरी लोकांचा रस्ता तोच. म्हणजे ज्योतीचे दिवस आणि पुराचे दिवस एकच होते. हे दरवर्षी होणार नाही, पण तारखा तर दरवर्षी याच आसपास असतात.

मग आम्ही आता काय करतो? पहाटे चारला सुरुवात, दुपारी एकपर्यंत जेवढं होईल तेवढं. नदी-ओढ्याचे सगळे ओलांड सकाळच्या टप्प्यात येतील असं वेळापत्रक मागून पुढे लावतो. तीननंतर आडवाट नाही, मग मामा कितीही रागवू देत. छोटा हत्ती मागे न ठेवता ओढ्याच्या आधी पुढे पाठवतो. पार झाला की फोन करतो, मग ज्योत. आणि तेलाची एक बाटली ज्योतवाल्याच्या सोबत. हा धडा फुकट नाही मिळालेला.

मोबाइलमध्ये हवामान बघताना आपण आपल्याच गावाचं बघतो, ही मोठी चूक. नदी जिकडून येते तिकडचं बघा. हवामान विभागाचं मौसम ॲप आहे, एनडीएमएचं सचेत आहे, विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएमने केलेलं दामिनी आहे. तिन्ही फुकट. पण आमच्या त्या ओढ्यावर रेंज नव्हती, म्हणून बाबांचं ॲपही पाठ करून ठेवा: पाण्याचा रंग बदलला, काडीकचरा किंवा फेस यायला लागला, वरच्या अंगाने ट्रक आल्यासारखा घुमणारा आवाज आला, तर उंच जागी व्हायचं. विचार नंतर. हे अजिंठ्याच्या रांगेत घळीतून चालणाऱ्यांना तर जास्तच लागू, कारण तिथे बाजूला व्हायला जागा नसते.

विजेचं थोडक्यात. लखलखाट आणि गडगडाट यात तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या इमारतीत किंवा पत्र्याच्या टपाच्या गाडीत काचा लावून बसा. झाडाखाली नाही, शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्येही नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मग बाहेर. काहीच आसरा नसेल तर माळावर एकमेकांपासून लांब, पाय जुळवून उकिडवं बसायचं. हा शेवटचा उपाय आहे, याने माणूस सुरक्षित होतो असं नाही.

अनवाणी चालणाऱ्यांनी ओल्या पायांकडे बघा. चिखल्या झाल्या की तिसऱ्या दिवशी पाऊल टेकवत नाही, मग उशीर होतो, आणि उशीर झाला की माणूस फरशी पुलावर माझ्यासारखा वागतो. रात्री पाय कोरडे करून खोबरेल लावा.

अडकलात तर 112. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर 1077. रेंज असतानाच सेव्ह करा.

त्या बाबांना भेटायला आम्ही पुढच्या वर्षी गेलो होतो. नारळ, पेढे घेऊन. त्यांना आम्ही आठवतच नव्हतो. म्हणाले, दरसाल कुणी ना कुणी येतंच, कुणाकुणाला ध्यानात ठेवू. मग शेळ्या वळवायला निघून गेले.

तुमच्या गावच्या ज्योतीच्या वाटेवर कुठला ओढा आहे, कुठला पूल बुडतो, ते व्हॉइस नोट करून पाठवा. गावाचं नाव स्पष्ट सांगा, मागच्या वेळी निम्म्या नोट्समध्ये नुसता वारा ऐकू येत होता. नवरात्राच्या आधीच्या भागात सगळ्या वाटा एकत्र वाचून दाखवतो. भेटू.